टंगस्टन मोनोब्लॉकच्या थर्मल सिम्युलेशनमध्ये २४०० एमपीए येतंय, खरं मानायचं का?

गंगापूररोड_एमई

नमस्कार मंडळी. मी नाशिकलाच एमई करतेय, मेकॅनिकल डिझाइन, दुसरं वर्ष. प्रोजेक्टला फ्यूजन रिअॅक्टरच्या आतल्या भिंतीचा पार्ट घेतलाय, इटर या फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय प्रयोगाच्या डायव्हर्टरमधला (तळाचा, सगळ्यात जास्त उष्णता झेलणारा भाग) टंगस्टन मोनोब्लॉक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, टंगस्टनचा ठोकळा, २८ एमएम रुंद आणि १२ एमएम जाड, मधून आरपार भोक, भोकात कॉपर क्रोम झर्कोनियमची नळी (तांब्याचा मिश्रधातू, आतून १२, बाहेरून १५ एमएम), आणि नळी आणि टंगस्टनच्या मध्ये शुद्ध मऊ तांब्याचा १ एमएमचा थर. असे ठोकळे माळेसारखे एकाच नळीवर ओवलेले असतात, नळीतून पाणी फिरतं आणि वरच्या तोंडावर प्लाझ्माची (अतितप्त वायूची) उष्णता पडते, सतत १० मेगावॅट पर स्क्वेअर मीटर आणि कधीकधी दहाएक सेकंद २०.

तर मी एकच ठोकळा घेतलाय, वर १० मेगावॅट लावलेत, नळीच्या आत कन्व्हेक्शन दिलंय, एच (पाणी भिंतीची उष्णता किती जोरात ओढतं त्याचा आकडा) १०,००० घेतला (पुस्तकात पाण्याच्या फोर्स्ड कन्व्हेक्शनची जी रेंज असते त्यातला), पाणी १०० डिग्री, ठोकळ्याची खालची बाजू फिक्स केली, मटेरियल सगळं लिनिअर इलॅस्टिक, प्रॉपर्टी रूम टेम्परेचरच्या. रिझल्ट असा की टंगस्टनचं वरचं तोंड १६०० डिग्रीच्या आसपास आणि मॅक्झिमम स्ट्रेस १९०० एमपीए, मग मेश (मॉडेलचे लहान तुकडे) बारीक केली तर २४०० झाला, अजून बारीक केली की अजून वाढतोय. लाल ठिपका टंगस्टन आणि तांबं जिथे भेटतात तिथे अगदी कडेला येतोय.

गाइड सर म्हणतात स्ट्रेस यिल्डच्या (ज्याच्या पुढे धातू कायमचा वाकतो त्या हद्दीच्या) खाली आण, डिझाइन बदल. पण हे डिझाइन तर तिकडे टेस्ट होऊन पास झालंय ना, मी काय बदलणार त्यात? २४०० खरा मानायचा का? आणि दुसरं, प्रॅक्टिकल म्हणून काहीतरी दाखवायचंय, नाशिकमध्ये असलं काही टेस्ट करता येईल का, लहान प्रमाणात का होईना?

मूळचा_सिडकोचा

प्रश्न नीट लिहिलायस, सगळे इनपुट दिलेस म्हणून उत्तर देता येतंय, नाहीतर इथे लोक नुसतं 'स्ट्रेस जास्त येतोय हेल्प' लिहून गायब होतात.

आधी स्ट्रेस बाजूला ठेव, टेम्परेचर बघ. नळीचं टेम्परेचर किती आलंय ते लिहिलं नाहीस पण एच १०,००० ला ते ९०० च्या घरात असणार. कॉपर क्रोम झर्कोनियम ३५० च्या वर जास्त वेळ राहिला की मऊ पडायला लागतो, ज्या बारीक प्रेसिपिटेटमुळे त्याला ताकद येते ते फुगतात, आणि १०८० च्या आसपास तर तो वितळतोच. म्हणजे तुझ्या मॉडेलमधली नळी केव्हाच गेलीय, सॉफ्टवेअर तक्रार करत नाही एवढंच. लिनिअर इलॅस्टिक म्हटलं की ते ९०० डिग्रीलाही तांब्याला रूम टेम्परेचरचंच तांबं समजणार.

एच कुठून आणायचा ते सांगतो. तिथे पाणी साधारण १० मीटर पर सेकंदने पळतं. १२ एमएमच्या नळीत हा वेग म्हणजे मिनिटाला ६८ लिटर, एका नळीतून. साध्या नळीचं नसेल्ट (एच काढायचा पुस्तकातला नंबर) काढलंस तरी एच ५०,००० च्या आसपास येतो. शिवाय आत पीळ दिलेली पट्टी असते, स्वर्ल टेप, तिने पाणी गोल फिरतं आणि एच अजून बराच वर जातो, भिंतीवर बॉइलिंग सुरू झालं की त्याहून वर. म्हणून लोक ढोबळ हिशोबाला १ लाखाच्या आसपास धरतात आणि नीट करायचं असेल तर भिंतीच्या टेम्परेचरप्रमाणे बदलणारा एच टेबलमध्ये टाकतात. तू टेबल टाक.

आता हाताने हिशोब कर, पाच मिनिटांचं काम आहे. टंगस्टनची कंडक्टिव्हिटी रूम टेम्परेचरला १७० असते पण हजार डिग्रीकडे जाताना ११० पर्यंत उतरते, सरासरी १२० धर. वरून नळीपर्यंत ६ एमएम असेल तर १० मेगावॅटला ५०० डिग्रीचा फरक फक्त टंगस्टनमध्येच पडतो. तांब्याचा थर आणि नळीची भिंत मिळून शंभरएक. पाण्याच्या फिल्ममध्ये दीडशे, कारण ठोकळ्यातून उष्णता नळीच्या वरच्या अर्ध्या भागावर गोळा होते, तिथे फ्लक्स १० चा १४-१५ होतो. पाणी १०० चं. सगळी बेरीज साडेआठशे-नऊशे, खरं उत्तर हजारच्या आत-बाहेर कुठेतरी येतं. तुझं १६०० येतंय म्हणजे वरचे सातशे डिग्री नुसते एचचे आहेत.

आता स्ट्रेस. पूर्ण अडवलेल्या प्लेटचं सूत्र माहीतच असेल, ई गुणिले अल्फा गुणिले डेल्टा टी, भागिले (१ − न्यू). टंगस्टनचा ई (कडकपणा) ४०० जीपीए, अल्फा (तापल्यावरचं प्रसरण) ४.५ मायक्रो, डेल्टा टी (टेम्परेचरचा फरक) ५००, न्यू (पॉयसन रेशो) ०.२८. येतात १२५० एमपीए. हे छत झालं, म्हणजे चारी बाजूंनी हलूच दिलं नाही तर एवढा. तुझे २४०० त्या छताच्याही वर आहेत आणि मेश बारीक केली की वाढतायत, म्हणजे ती सिंग्युलॅरिटी आहे. दोन वेगळ्या अल्फाचे मटेरियल (तांब्याचा १७, टंगस्टनचा ४.५) एकमेकांना चिकटलेत आणि जोड जिथे मोकळ्या पृष्ठभागाला येऊन संपतो त्या रेषेवर लिनिअर इलॅस्टिकमध्ये स्ट्रेसला उत्तरच नसतं, तो अनंताकडे जातो. मेश अजून दहापट बारीक कर, ५००० दाखवेल. तो आकडा रिपोर्टमध्ये लिहूच नकोस.

खालची बाजू फिक्स केलीस ती आधी सोड. खरा ठोकळा नळीवर बसलेला असतो, खालून कशाला वेल्ड केलेला नसतो, आणि शेजारच्या ठोकळ्याशी ०.४ एमएमची फट असते. म्हणून रुंदीत अर्धा, जाडीत अर्धा असा पाव ठोकळा घे, कापलेल्या तोंडांना सिमेट्री दे, नळीच्या मोकळ्या टोकाचे सगळे नोड अक्षाच्या दिशेने कपल कर म्हणजे ती सरळ सरकेल पण वाकडी होणार नाही. स्टुडंट व्हर्जनचं नोड लिमिट पण त्यात सांभाळलं जाईल. लिमिट फारच नडलं तर कॅल्क्युलिक्स किंवा कोड अॅस्टर फुकट आहेत, दुसरं फ्रान्सच्या वीज कंपनीने बनवलेलं आहे आणि थर्मोमेकॅनिकलला चांगलं आहे, फक्त शिकताना डोकं दुखतं.

पंचवटी_पॅसेंजर

काही कळलं नाही पण वाचायला भारी वाटतंय. एकलहऱ्याचं थर्मल बंद करून हे कधी लावणार तेवढं सांगा 😄

मूळचा_सिडकोचा

तुमच्या नातवाला विचारा. इटर वीज बनवणारच नाही मुळात, ते एक्सपेरिमेंट आहे, फ्रान्समध्ये कॅदाराशला. आपण २००५ पासून त्यात मेंबर आहोत, त्याचा तो अवाढव्य क्रायोस्टॅट (सगळं मशीन ज्यात बसतं ते व्हॅक्यूमचं भांडं), ३० मीटर उंच आणि तेवढाच रुंद, त्याचे भाग हाजिऱ्याला एल अँड टीने बनवले.

अंबडचा_टूलरूमवाला

ताई, मला फ्यूजन बिजन कळत नाही पण प्रेशर डाय कास्टिंगच्या डाय मी आयुष्यभर बघतोय आणि तुमचा प्रश्न वाचून वाटलं की हे तर आमचं हीट चेकिंग आहे. ॲल्युमिनियम साडेसहाशे-सातशेचं डायवर येतं, एच-१३ या डाय स्टीलचं वरचं कातडं एकदम तापतं, फुगायला बघतं पण मागचं थंड स्टील त्याला फुगू देत नाही, मग ते कातडं दाबलं जातं आणि दबून कायमचं थोडं आखूड होतं. इथपर्यंत क्रॅक नाही. मग शॉट निघाला की आपण स्प्रे मारतो, कातडं गार होतं, आता ते आखूड झालेलं आहे ना, त्याला परत मूळ मापात ओढलं जातं, म्हणजे ताण. क्रॅक तेव्हा पडते. तापताना नाही, गार होताना. काही हजार शॉटनंतर डायवर जाळी दिसायला लागते आणि ती जाळी कास्टिंगवर उमटते मग कस्टमर ओरडतो. नवीन पोरं नेहमी म्हणतात जास्त तापवलं म्हणून फुटली. मी म्हणतो प्रीहीट न करता शॉट मारलास आणि स्प्रे धो धो मारलास म्हणून फुटली.

तर तुम्ही जो एकच फोटो काढलाय गरम अवस्थेतला, त्यात क्रॅकचं उत्तर सापडणार नाही असं मला वाटतं. चुकत असेल तर सांगा.

मूळचा_सिडकोचा

दादा शंभर टक्के बरोबर. आणि टंगस्टनच्या बाबतीत तर हे डबल लागू होतं. एच-१३ गार झाल्यावरही बऱ्यापैकी चिवट असतं, टंगस्टन तसं नाही, ते साधारण दोनशे ते चारशे डिग्रीच्या खाली ठिसूळ असतं, नक्की आकडा कसं रोल केलंय कसं फोर्ज केलंय त्यावर. म्हणजे गरम असताना दबून प्लास्टिक होतं, आणि ज्या क्षणी ताण यायला लागतो तेव्हा ते गार होऊन ठिसूळ झालेलं असतं. याहून वाईट जोडी काय असणार.

तेव्हा @गंगापूररोड_एमई, तुझ्या सरांना हे सांग की थर्मल स्ट्रेस हा सेकंडरी स्ट्रेस आहे, तो स्वतःच स्वतःला आवरतो, मटेरियल थोडं यिल्ड झालं की कमी होतो. म्हणून यिल्डच्या खाली आणायची अट इथे लागूच होत नाही, प्रेशरच्या स्ट्रेसला लागू होते. इथे विचारायचं ते असं की दर सायकलला किती स्ट्रेन जातोय आणि असे किती सायकल निघतील. इटरसाठी जे क्वालिफिकेशन ठरलं ते पण सायकलमध्येच आहे, १० मेगावॅटला ५००० आणि २० ला ३००.

मॉडेल असं कर. आधी सगळी असेंब्ली जोडणीच्या टेम्परेचरवरून रूम टेम्परेचरला गार कर, कारण जोडतानाच आत रेसिड्युअल स्ट्रेस अडकलेला असतो, बरेच लोक स्ट्रेस-फ्री टेम्परेचर म्हणून नळीच्या मटेरियलचं एजिंग टेम्परेचर, ४७५ च्या आसपास, धरतात. मग पाण्याचं टेम्परेचर आणि प्रेशर. मग १० सेकंद हीट, १० सेकंद बंद, असे चार-पाच सायकल. दहाच सेकंद का, तर ६ एमएम टंगस्टनमधून उष्णता पसरायला सेकंदाच्या आतबाहेर वेळ लागतो, दहा सेकंदात सगळं स्टेडी होतं, जास्त ठेवून फायदा नाही. टेस्ट पण अशाच करतात.

मऊ तांब्याला कायनेमॅटिक हार्डनिंग दे (उलटसुलट लोडला तांबं दर सायकलला यिल्ड होत राहतं असं धरणारं मॉडेल), त्यातलं शाबोश मॉडेल मिळालं तर उत्तम नाहीतर निदान बायलिनिअर कायनेमॅटिक. आयसोट्रॉपिक दिलंस तर दोन-तीन सायकलनंतर तांबं कडक होऊन यिल्ड व्हायचं थांबेल आणि तुला वाटेल वा सगळं सेफ. तो थर तिथे ठेवलाच आहे यिल्ड व्हायला, टंगस्टन आणि नळीमधलं भांडण तो अंगावर घेतो. त्याच्या स्ट्रेस-स्ट्रेन लूपची रुंदी बघ, आणि नळीच्या स्ट्रेनची पण, कारण टंगस्टन हे डिझाइनमध्ये आर्मर धरतात, स्ट्रक्चर म्हणून नळी मोजतात. पाणी अडवणारी नळी आहे.

टंगस्टनचे दोन सेट चालव, एक रोल केलेल्या अवस्थेचा आणि एक रिक्रिस्टलाइज झालेल्याचा. २० मेगावॅटला वरचं तोंड २००० च्या आसपास जातं आणि १२००-१३०० च्या वर टंगस्टनचे ग्रेन नव्याने वाढतात, यिल्ड धाडकन पडतो. म्हणून २० ला काही शे सायकलनंतर वरून खाली मधोमध खोल क्रॅक पडलेली बऱ्याच टेस्टमध्ये दिसलीय, १० ला नाही दिसत. तुझ्या मॉडेलमध्ये दोन्ही लोड चालवून हा फरक दाखवलास तर प्रोजेक्ट तिथेच झाला, डिझाइन बदलायची गरज नाही.

जेलरोडचे_बॉयलरवाले

बाळ, मी रिटायर माणूस, नोकरी सगळी बॉयलरवर गेली. स्ट्रेसचं ही मंडळी सांगतायत ते सांगू दे, मी पाण्याच्या बाजूने बोलतो कारण माझ्या अनुभवात नळी फुटते ती बहुतेक वेळा पाण्याच्या बाजूने काहीतरी बिघडलं म्हणून.

तू पाण्याचं प्रेशर लिहिलंच नाहीस. एका बारला पाणी १०० ला उकळतं. तिकडे ४० बारच्या आसपास ठेवतात, तिथे ते २५० ला उकळतं. म्हणून १०० चं पाणी असूनही नळीच्या आतल्या भिंतीवर नुसते बुडबुडे सुटतात आणि लगेच आतल्या गार पाण्यात विरतात. हे चांगलं असतं, उष्णता उलट जास्त निघते. पण फ्लक्स एका हद्दीच्या वर गेला की बुडबुडे एकमेकांना जुळतात आणि भिंतीवर वाफेचं पांघरूण बसतं, मग पाणी भिंतीला लागतच नाही. आम्ही त्याला डीएनबी म्हणायचो, तुमच्यात क्रिटिकल हीट फ्लक्स म्हणतात वाटतं. एकदा झालं की नळीचं टेम्परेचर सेकंदात चढतं आणि खेळ संपला. १० लाख वेळा फटीग काढून ठेवा, त्याचा तिथे काही उपयोग नाही.

ती पीळ दिलेली पट्टी वाचून बरं वाटलं. आमच्याकडे वॉटर वॉलला आतून आटे पाडलेल्या रायफल्ड ट्यूब असतात, काम तेच, पाणी फिरवून भिंतीवर दाबायचं आणि वाफ मध्ये ढकलायची. तर तुझ्या रिपोर्टमध्ये नळीच्या आतल्या भिंतीवरचा जास्तीत जास्त फ्लक्स किती हे स्वतंत्र लिही, वरच्या तोंडावरचा नव्हे. २० वर लावलेस तर आत ३० च्या जवळ जात असेल. तोच आकडा बघायचा असतो.

गंगापूररोड_एमई

सगळ्यांना खूप थँक्यू, काका तुम्हालाही. एचचं टेबल टाकलं, खालची बाजू सोडली, पाव मॉडेल केलं, ४० बार लावलं. वरचं तोंड आता ९६० आलंय, नळीची आतली भिंत अडीचशेच्या जरा वर, म्हणजे काका म्हणतात तसं बुडबुडे सुटायची सुरुवात. आतल्या भिंतीवरचा फ्लक्स १४.५ येतोय. प्लास्टिसिटी लावून पहिला सायकल चालवला आणि टूलरूमवाल्या दादांनी सांगितलं तेच दिसलं, हीट बंद केल्यावर वरच्या तोंडावर स्ट्रेसची खूण मायनसची प्लस झाली, म्हणजे दाबाचा ताण झाला. सरांना ते ग्राफ दाखवलं, ते म्हणाले ठीक आहे, सायकलवर जा.

एक शंका. क्रॅक पडते हे दिसतंय तर मग तो पार्ट फेल नाही का धरत? आणि इटरची पूर्ण भिंतच आता टंगस्टनची करतायत ना, मग सगळीकडे हाच प्रॉब्लेम येणार?

हॉट_स्पॉट

क्रॅक कुठल्या दिशेला आहे ते बघायचं. वरून खाली उभी गेली तर ती उष्णतेच्या वाटेला समांतर आहे, उष्णता क्रॅकच्या दोन्ही अंगाने सरळ खाली उतरते, तोंडाचं टेम्परेचर फारसं बदलत नाही. म्हणून २० ला मधोमध चिरलेले मोनोब्लॉकसुद्धा टेस्टमध्ये उष्णता काढत राहिले. पण क्रॅक आडवी असेल, किंवा टंगस्टन आणि तांब्याचा जोड सुटला, तर वाट अडली, वरचा तुकडा तापत जातो आणि वितळतो. म्हणून टेस्टच्या आधी आणि नंतर अल्ट्रासोनिक करतात ते जोड तपासायला, वरची चीर तर डोळ्यालाही दिसते. कॅदाराशलाच इटरच्या शेजारी वेस्ट नावाचा टोकामॅक (चुंबकांनी प्लाझ्मा धरणारं मशीन) आहे, त्याच्यात इटरसारखेच मोनोब्लॉक बसवलेत, ठोकळ्यांच्या पुढे आलेल्या धारदार कडांना क्रॅक दिसल्या होत्या तरी मशीन चालू आहे, २०२५ च्या फेब्रुवारीत त्याने १३३७ सेकंद सलग प्लाझ्मा धरला.

भिंत आणि डायव्हर्टर यात गल्लत नको. १० आणि २० हे डायव्हर्टरचे आकडे, तो खाली तळाला असतो आणि जळकं सगळं तिकडे वळवतात. बाकी भिंतीच्या पॅनलना साधारण २, आणि जास्त मार खाणाऱ्यांना ४.७ मेगावॅट असं डिझाइन होतं. भिंत आधी बेरिलियमची ठरलेली, आता टंगस्टन केली. बेरिलियम १२८७ ला वितळतं आणि त्याची धूळ विषारी, टंगस्टन ३४२२ पर्यंत टिकतं. पण टंगस्टन प्लाझ्मात गेलं तर प्लाझ्मा गार करतं, जड अणू आहे, भरपूर रेडिएट करतो. प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू असतेच.

आणि अजून एक, ज्याला तुझं मॉडेल हातच लावत नाहीये, ते म्हणजे एल्म. प्लाझ्माच्या कडेवरून येणारे मिलिसेकंदाचे झटके. १ मिलिसेकंदात उष्णता टंगस्टनमध्ये पाव एमएमसुद्धा जेमतेम जाते. १ गिगावॅट पर स्क्वेअर मीटर १ मिलिसेकंद पडलं तर हिशोबाने तोंड १७०० डिग्रीने उडी मारतं आणि खाली एक एमएमवर त्या क्षणी जवळपास काही कळत नाही. तू हे करायला गेलीस तर वरच्या थरात मेश दहा-वीस मायक्रॉनची लागेल आणि टाइम स्टेप मायक्रोसेकंदात. तुझ्या आत्ताच्या मेशवर चालवलंस तर रंगीत चित्र येईल, उत्तर येणार नाही. माझं मत, याला प्रोजेक्टमध्ये एक परिच्छेद दे आणि सोडून दे. न्यूट्रॉनचं पण तसंच, १४ एमईव्हीचे न्यूट्रॉन टंगस्टनला अजून ठिसूळ करतात, कंडक्टिव्हिटी पाडतात, थोडं टंगस्टन रेनियम होऊन जातं, आणि नुसती इलेक्ट्रॉन बीम टेस्ट हे दाखवू शकत नाही.

टेस्ट कुठे होतात विचारलं होतंस. इटरच्या डायव्हर्टरसाठी मोठी सोय सेंट पीटर्सबर्गच्या एफ्रेमॉव्ह इन्स्टिट्यूटला, ८०० किलोवॅटची इलेक्ट्रॉन बीम. जर्मनीत युलिशला जुडिथ, गार्शिंगला ग्लॅडिस (ती हायड्रोजनच्या बीमची). आपल्याकडे गांधीनगरच्या आयपीआरला (इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च) २०० किलोवॅटची इलेक्ट्रॉन बीम आहे. इलेक्ट्रॉन बीमवाल्या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट कॉमन, बीमची पॉवर किती सोडली याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण टंगस्टनवरून इलेक्ट्रॉनचा मोठा हिस्सा परत उडतो. पाणी किती आणि किती डिग्रीने तापलं यावरून आत गेलेली उष्णता काढतात. तोंडाचं टेम्परेचर इन्फ्रारेड कॅमेऱ्याने घेतात पण चकचकीत टंगस्टनची एमिसिव्हिटी कमी असते आणि पृष्ठभाग खराब झाला की बदलते, म्हणून जोडीला पायरोमीटर ठेवतात आणि तरी वाद घालत बसतात.

अंबडचा_टूलरूमवाला

ताई, इलेक्ट्रॉन बीम अंबडला मिळणार नाही, पण इंडक्शन मिळेल. आमच्या ओळखीत हार्डनिंगवाले आहेत, त्यांच्याकडे वीसेक किलोवॅटची हाय फ्रिक्वेन्सी मशीन आहे, कॉइल आपण वाकवून घेऊ. तांब्याचा ठोकळा, त्यात ड्रिल मारून पाण्याची वाट, वर टंगस्टनची टाइल ब्रेझ करून, असं काहीतरी चालेल का बघा.

हॉट_स्पॉट

चालेल, आणि हे जुगाड वगैरे अजिबात नाही, इंग्लंडात कलहॅमला हाइव्ह नावाची रिग आहे ती इंडक्शननेच पार्ट तापवते, व्हॅक्यूममध्ये. हिशोब देतो. पाणी मिनिटाला २० लिटर सोडलं आणि ते ५ डिग्रीने तापलं तर आत गेले ७ किलोवॅट. ३० बाय ३० च्या टाइलवर ते होतात साडेसात-पावणेआठ मेगावॅट पर स्क्वेअर मीटर. मास्टर्सच्या प्रोजेक्टला हे भरपूर झालं. पण तो ५ डिग्रीचा फरक मोजायला साधं थर्मोकपल लावू नकोस, त्याची चूकच एक-दोन डिग्री असते, म्हणजे उत्तरात वीस-चाळीस टक्के गेले. दोन आरटीडी (टेम्परेचर जास्त अचूक मोजणारे सेन्सर) घे, आत आणि बाहेर, एकाच पाण्यात बुडवून आधी जुळवून घे, आणि फ्लो बादली-स्टॉपवॉचने मोजला तरी चालेल.

दोन गोष्टी मॉडेलमध्ये बदलायच्या. इंडक्शन तोंडावर नाही तर कातड्यात उष्णता टाकतं, १०० किलोहर्ट्झला टंगस्टनमध्ये खोली ०.४ एमएमच्या जवळ, १० किलोहर्ट्झला १ एमएमच्या वर. आणि कॉइल कडा आणि बाजूसुद्धा तापवते. म्हणून सरफेस हीट फ्लक्स न लावता पातळ थरात व्हॉल्यूम हीट लाव.

आणि टंगस्टन हवेत तापवू नका. पाचशेच्या वर ते ऑक्साइड होतं, हजारच्या वर ऑक्साइड धूर होऊन उडतं. आर्गॉन फिरवा, काचेच्या नळीत घ्या, काहीही करा.

जेलरोडचे_बॉयलरवाले

आणि तुमच्याकडे ४० बार नाहीत हे विसरू नका. नळाच्या प्रेशरवर पाणी लवकर उकळेल, वाफेचं पांघरूण लवकर बसेल. ३ मेगावॅटपासून सुरू करा आणि पायरीपायरीने चढवा, आवाज ऐकत राहा, ठोकळा तडतडायला लागला की तिथेच थांबा. फ्लो स्विच लावा, पाणी थांबलं की मशीन आपोआप बंद व्हायला हवं, माणसाच्या हातावर ठेवू नका. लाल ठोकळ्यात मागाहून पाणी सोडायचं नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

गंगापूररोड_एमई

काका फ्लो स्विच नक्की. टंगस्टनची टाइल मिळायला वेळ लागेल असं दिसतंय आणि महागही आहे, तर पहिली ट्रायल नुसत्या तांब्याच्या ठोकळ्यावर करून पाण्याचा हिशोब आणि मॉडेल जुळतंय का बघू का? दादा, ड्रॉइंग काढून पाठवते. भोक १२ चं ठेवलंय.

अंबडचा_टूलरूमवाला

तांब्यावरच आधी करा, उत्तम. फक्त तांबं कॉइलला सहज तापत नाही, करंट जास्त ओढावा लागतो, तेव्हा २० किलोवॅटमधले आत किती जातात ते तिथेच कळेल. ड्रॉइंगमध्ये पाण्याच्या दोन्ही टोकांना अर्धा इंच बीएसपी आटे दाखवा, आरटीडीसाठी खाचा आधीच ठेवा, नंतर ड्रिल मारायला लावू नका. आर्गॉनचा सिलेंडर हार्डनिंगवाल्यांकडे नाही, तो तुम्हाला भाड्याने आणावा लागेल, रेग्युलेटरसकट.